मिस्त्रीमामांचा पांढरा दगड

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी गावात पाणी नव्हतं, कार्यालयांना इमारती नव्हत्या, इमारतींना खुर्च्या नव्हत्या, पण पाट्यांचा मात्र सुकाळ होता. जिथे तिथे ‘जिल्हा उस्मानाबाद’ खोडून ‘जिल्हा लातूर’ लिहायचं काम चालू होतं आणि ते काम बांधकाम खात्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे होतं. पुढे दोन वर्षं मी त्या माणसाच्या घरात भाड्याने राहिले, त्याच्या मागे चालले, त्याच्याशी कडाकडा भांडले आणि एकदाच त्याचं ऐकलं नाही. आज या वयात माझी पाठ सरळ आहे ती त्याच्यामुळे. त्याची स्वतःची मात्र वाकडी होती.

सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मी मिस्त्रीमामा म्हणायचे. उजवीकडे कललेले, डोक्याला मळकट टॉवेल, एका हातात चुन्याची बादली आणि दुसऱ्या हातात अर्धे केस गेलेला ब्रश. चुन्याचं त्यांना वेड होतं. हलत नसलेली कुठलीही वस्तू दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. मैलाचे दगड, झाडांचे बुंधे, पुलांचे कठडे हे सरकारी काम झालं. पण घरात उखळ पांढरं, हौदाची कड पांढरी, शेळीची खुंटी पांढरी, आणि उन्हाळ्यात सावलीला गाढ झोपलेल्या त्या शेळीचं एक शिंगही एकदा पांढरं झालं होतं. ऑफिसात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितलं जायचं, ‘जेवणाच्या सुट्टीत डुलकी घ्या, पण मिस्त्रीच्या वाटेत घेऊ नका.’

जो भेटेल त्याला ते ‘जय भीम’ घालायचे. कलेक्टरसाहेबांना, शिपायाला, टँकरच्या ड्रायव्हरला, सगळ्यांना एकाच आवाजात. आमच्या शाखेचे अव्वल कारकून या नमस्काराला उत्तर द्यायला नको म्हणून खोकायचे. मामांनी ते बरोबर ओळखलं. मग ते दिवसातून चार वेळा मुद्दाम आमच्या शाखेत यायला लागले. महिनाभरात अव्वल कारकुनांना खराखुरा खोकला लागला.

आणि ते कधी बसत नसत. खुर्चीवर नाही, सतरंजीवर नाही, चहाच्या टपरीवरच्या बाकावरही नाही. चहा उभ्याने, जेवण मात्र घरी, तेही दाराच्या चौकटीला पाठ लावून, अर्धवट उभं राहून. कुणी खुर्ची पुढे केली की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, “काम झाल्यावर बसतो.” सरकारी काम कधी होत नाही, म्हणून मिस्त्री कधी बसत नाही, असा त्यावर ऑफिसचा विनोद होता. मीही त्याला पुष्कळ हसले आहे.

आता माझ्या पाठीचं सांगते. मी हदगावकडची. नांदेडला कॉलेजात असताना लांब पल्ल्याच्या शर्यती पळायचे. तीन हजार मीटरची तीन पदकं होती. घरच्यांच्या मते ती तीन संकटं होती. कलेक्टर ऑफिसात रोजगार हमी शाखेत कारकुनाची नोकरी लागली तेव्हा वडिलांना वाटलं, आता टेबलाला बांधली गेली म्हणजे पोरगी शांत होईल. पण नव्या जिल्ह्याला टेबलं यायची होती. आधी आले ते जुन्या जिल्ह्याकडून कागदपत्रांचे ट्रक. हमाल आले नव्हते. साहेब पायरीवर उभे राहून म्हणाले, “आपल्या जिल्ह्याचं ओझं आपणच उचललं पाहिजे.” साहेब बहुतेक भाषण करत होते. आम्ही नवे होतो, आम्हाला तो आदेश वाटला. जमिनींच्या जुन्या पहाणीपत्रकांनी ठासून भरलेलं लोखंडी कपाट चौघांनी उचललं, तिघांनी सोडलं आणि चौथी मी होते.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यातली गादी सरकली आहे. सहा आठवडे फळीवर झोपायचं, वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. मी विचारलं, “पळायला कधी लागू?” ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “पळणं आता विसरा. आणि मुलीच्या जातीला पळायची गरजच काय?” मी घरी येऊन रडले. पाठ दुखत होती म्हणून नव्हे. तेवीस वर्षांच्या आयुष्यात मला मनापासून येत असलेली गोष्ट एकच होती, आणि ती एका माणसाने चष्म्यावरून बघत काढून घेतली होती.

फळी कुठून आणायची हा प्रश्न मामांनी पाच मिनिटांत सोडवला. न्हाणीचं दार बिजागरीतून काढलं आणि माझ्या खोलीत आडवं टाकलं. पुढे सहा आठवडे न्हाणीला दार नव्हतं. पण न्हाणीत पाणीही नव्हतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. मावशी, म्हणजे मामांची बायको, मला भाकर भरवता भरवता म्हणायच्या, “दार गेलं तं गेलं. आंगोळ तरी कोन करून राहिलंय?”

वडील बघायला आले ते याच दिवसांत. हदगावहून दोन एसट्या बदलून, घामाघूम. माझ्या पाठीची चौकशी करायच्या आधी त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “हितं पाणी कोनाच्या घरचं पेतीस?” आमचं घर शेतकऱ्याचं, चार लोकांत मान असलेलं. मामांचं घर मूळचं इस्लापूरकडचं, बौद्ध. प्रश्नाचा अर्थ मला कळला. मी दारावर उताणी पडल्या पडल्या म्हटलं, “टँकरचं.” तेवढ्यात मामा तांब्या-फुलपात्र घेऊन आत आले. “जय भीम, पाव्हनं. घ्या. सरकारचं हाय, जात न्हाई त्याला.” वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. मे महिन्यासारखं ऊन होतं. त्यांनी तीन फुलपात्रं प्यायली आणि चौथं मागितलं. जाताना मात्र मला सांगून गेले, “स्थळ बघून राहिलो. पाठीचं कुठं बोलू नगंस.”

सहा आठवड्यांनी मी उभी राहिले ती उजवीकडे कललेली. मामा खूश झाले. “आता दिसतीस माज्या घरची,” म्हणाले. त्याच आठवड्यात गावाबाहेर दुष्काळी काम निघालं. मोठ्या रस्त्यावरच्या एका निंबाच्या झाडापासून आत, ओढ्यापलीकडच्या वाडीपर्यंत रस्ता करायचा होता. मजूर बहुतेक बाया, मुकादम कागदावर कुणीतरी आणि प्रत्यक्षात देखरेखीला मिस्त्रीमामा. दिवस उजाडायच्या आत ते कामावर निघत. मला म्हणाले, “चल. बसून पाठ बसती. चालून सुटती.” मग आम्ही दोघं निघायचो. दोघंही उजवीकडे कललेले, दोघंही हळू. वाटेत लोक विचारायचे, “मिस्त्री, पोरगी का?” मामा म्हणायचे, “हाव. माज्यावरच गेलीय.”

रोज दोन मैल चालून दीड महिन्याने मी विचारलं, आता पळू का?  मामांनी दोन बायांना हाक मारली आणि कामावरचा एक दगड उचलायला लावला. मैलाचा दगड व्हायला घडवलेला, पण कोपरा तुटला म्हणून नापास झालेला. मांडीएवढा उंच, बसकट. निंबापासून पन्नास पावलांवर तो ठेवला, त्याला चांगला दोन हात चुना फासला आणि माझ्याकडे वळले.

“रस्ता कसा करत्यात ठाव हाय? आदी मोठा दगड. त्यो बसला की बारकी खडी. ती बसली की मुरूम. मंग धुम्मस मारून ठोकून बसवायचं. एक थर बसायच्या आदी दुसरा टाकला की रस्ता पैल्या बैलगाडीला फाटतो. पाठीचं बी तेच. जेवढा रस्ता पुरा झाला तेवढाच तुजा. हितवर पळायचं. दगड आला की बास.”

“पन्नास पावलं?” मी म्हटलं. “मामा, मी तीन हजार मीटर पळत होते.”

“हुतीस,” मामा म्हणाले.

नियम आणखी एक होता. “दुखलं तं पळ. खुपलं तं थांब.” दुखणं म्हणजे सगळीकडे पसरलेलं, कामाचं. खुपणं म्हणजे एका जागी, सुईचं. या दोन शब्दांवर त्यांनी मला वर्षभर चालवलं. नंतर मी पुष्कळ डॉक्टर पाहिले, त्यांच्याकडे यंत्रं होती, तक्ते होते, पण विचारत ते शेवटी हेच.

पहिल्या दिवशी मी पन्नास पावलं पळाले तेव्हा खडी फोडणाऱ्या तीस बायांनी हातोडे थांबवले. गयाबाई त्यांची पुढारीण होती. तोंडाने फटकळ आणि हाताने त्याहून. तिने विचारलं, “आगं बाय, कोन लागलंय मागं?”

“कोणी नाही.”

“मंग कुठं निगाली हुतीस?”

“कुठंच नाही. त्या दगडापर्यंत.”

गयाबाईने दगडाकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं आणि बाकीच्यांना सांगितलं, “सरकारनं पळायचं बी काम काढलंय गं. त्याची हजेरी कुठं लावायची ते इचारा.”

पण दोन आठवड्यांत बायांना माझी सवय झाली आणि मला त्यांची. मी येताना दिसले की कुणीतरी टोपली बाजूला सरकवायचं. दगड रोज थोडा पुढे सरकायचा. कधी दहा पावलं, कधी तीस, कधी मामा नुसतं माझ्या चालण्याकडे बघून म्हणायचे, “आज न्हाई,” आणि दगड जागेवर राहायचा. दगडापलीकडे रस्ता झालेला नसायचा. पहाटेच्या अंधुक उजेडात विस्कटलेली खडी तेवढी दिसायची, तिच्यावर पाय ठरणं शक्य नव्हतं. त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. मी दगडाला हात लावून वळायचे. हाताला लागलेला चुना ऑफिसात फायलींवर उमटायचा आणि अव्वल कारकून खोकायचे.

जानेवारी संपेपर्यंत दगड अर्ध्या मैलावर गेला होता. मी सरळ चालायला लागले होते. मामा एकटेच कललेले उरले. त्याच सुमारास वडिलांचं पत्र आलं. स्थळ ठरत आलं आहे, मुलाकडचे लोक येत्या रविवारी बघायला येतील, पाठीचा आणि पळण्याचा विषय काढू नये, आणि ती पदकं हदगावला पाठवून दे, कुणाच्या नजरेस पडायला नकोत. ते पत्र वाचून मी सकाळी एकटीच रस्त्यावर गेले. मामा पाट्यांसाठी निलंग्याकडे गेले होते. बाया अजून जमायच्या होत्या. मी पळत सुटले. दगड आला, मी दगडाकडे बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. दगडापलीकडे वीस पावलंही गेले नसेन. खडीवरून पाय सटकला, पाठीत एका जागी सुई घुसली. खुपलं. मी रस्त्यावर आडवी झाले आणि गयाबाई येईपर्यंत आभाळाकडे बघत तशीच पडून राहिले.

गयाबाई आणि तिच्या बायांनी मला बैलगाडीत घालून घरी आणलं. मावशींनी मला बघितलं आणि न्हाणीचं दार काढलं. ते परत बसवून तीन-चार महिनेच झाले होते. रविवारी मुलाकडचे आले तेव्हा मी त्या दारावर पडूनच त्यांचं स्वागत केलं. विषय काढायची गरज पडली नाही. ते चहा न घेता गेले.

मामा निलंग्याहून आले. मला वाटलं आता शिव्या मिळतील, आणि मी उत्तरं तयार ठेवली होती. ते दारात उभे राहिले. हातात ब्रश होता, पण ते काहीच रंगवत नव्हते. मग तसेच निघून गेले. तीन आठवड्यांनी मी रस्त्यावर गेले तेव्हा दगड परत निंबापासून पन्नास पावलांवर होता.

मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडले ते सगळ्या बायांच्या देखत. म्हटलं, माझी पाठ आहे, तुमची नाही. तुमचं काय जातंय दगड सरकवायला? तुम्हाला नुसता हुकूम सोडायला हवाय.  शेवटी मामा म्हणाले, “झालं बोलून? मंग पळ. पन्नास पावलं.”

संध्याकाळी मावशींनी मला चुलीपाशी बसवलं. म्हणाल्या, “त्याची पाठ कशी वाकडी झाली, इचारलंस का कदी?” मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं ते जन्मापासूनच तसे असतील. “बहात्तरच्या दुष्काळात ह्यो बी खडीच्या कामावर हुता. मजूर. दगड उचलताना असंच खुपलं. पडून हुता. पाचव्या दिशी मुकादम घरी आला. म्हनला, येतो का नाव कापू? घरात पाच खानारी. ग्येला. त्या दिशी जो वाकडा झाला त्यो झालाच. बसलं की सुया टोचत्यात त्याला, म्हनून बसत न्हाई. लोकाला सांगतो काम झाल्यावर बसतो. काम कसलं न् काय कसलं. लई आगाऊ हाय मानूस.” मावशी हे सांगताना हसत होत्या. मला मात्र माझीच लाज वाटली. ज्या विनोदाला मी एवढे दिवस हसत होते तो एका माणसाच्या दुखण्यावरचा पडदा होता.

उन्हाळा गेला, पावसाळा नावापुरता आला, काम चालूच राहिलं. दगड पुन्हा पुढे सरकायला लागला, पहिल्यापेक्षा हळू. मी तोंडातून शब्द काढला नाही. दिवाळीच्या आसपास तो पाऊण मैलावर होता.

आणि एके दिवशी ऑफिसात माझ्याच टेबलावर माझ्याच हाताने नोंदवायचा एक कागद आला. आमच्या रस्त्याच्या कामाचा प्रगती अहवाल. त्यात लिहिलं होतं, रस्ता ओढ्यापर्यंत पूर्ण. ओढा निंबापासून दोन मैलांवर होता. मला वाटलं, नेहमीप्रमाणे कागदावर झाला असेल. तरी मागचे अहवाल काढून बघितले. जानेवारीतला अहवाल म्हणत होता, रस्ता एक मैल पूर्ण. त्या वेळी माझा दगड अर्ध्या मैलावर होता, आणि दगडापलीकडे खडी होती. मी स्वतः पडले होते तिच्यावर.

दुपारी रजा टाकून मी थेट कामावर गेले. पोचेपर्यंत दिवस कलला होता, अशा वेळी यापूर्वी कधी गेले नव्हते. दगडापलीकडे रस्ता होता. मुरूम टाकलेला, धुम्मस मारलेला, ओढ्यापर्यंत सरळ गेलेला. गयाबाई आणि तिच्या बाया घरी जायच्या तयारीत होत्या. आणि जाता जाता टोपल्यांतून त्या झालेल्या रस्त्यावर खडी ओतत होत्या. दगडापलीकडची चाळीस-पन्नास पावलं, नीट, विस्कटून.

मला बघून गयाबाईच्या हातातली टोपली तशीच राहिली. “मिस्त्री म्हनला, पोरगी उतावळी हाय,” ती म्हणाली. “रस्ता दिसला की पळंल. म्हनून रोज सांजच्याला टाकतो न् तू ग्येली की भरून घेतो. वरीस होत आलं. आमची बी पाठ हाय, बाय.”

मी घरी गेले. मामा हौदाच्या कडेला चुना देत होते. मी नुसतं म्हटलं, “खडी.” त्यांनी ब्रश बादलीत ठेवला. एवढ्या दिवसांत मी त्यांना काम अर्धवट सोडताना पाहिलं नव्हतं.

“ज्या खडीवर तू पडलीस,” ते म्हणाले, “ती बी आमीच टाकलेली. तिथं पक्का रस्ता हुता. खडी नसती तं तू पळून, वळून घरी आली असतीस. मला वाटलं, तुला आडवून राहिलो. मीच पाडलं तुला. दगड मागं न्येला त्यो तुला शिक्षा म्हनून न्हाई. मला भ्या वाटलं.”

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. राग आला होता हे खरं. मला सांगितलं असतं तर मी थांबले असते, असं मी स्वतःला पटवत होते. तिसऱ्या दिवशी ते पटेनासं झालं. मला सांगितलं असतं तर मी कधीच थांबले नसते. आणि एक माणूस माझ्या पाठीसाठी तीस बायांना हाताशी धरून सरकारी रस्ता रोज संध्याकाळी मोडत होता आणि सकाळी जोडत होता, हे आठवून मला चुलीपाशी एकटीला हसू फुटलं. मावशी म्हणाल्या, “सुटलीस यकदाची.”

चौथ्या दिवशी मी निंबाखाली गेले. दगडापलीकडे खडी नव्हती. मी विचारलं, “मामा, आज कुठवर?”

“तूच सांग.”

“ओढ्यापर्यंत.”

“आगावपना करू नगंस. त्या बोरीपरेंत.”

जानेवारीत नांदेडला महसूल खात्याच्या क्रीडा स्पर्धा होत्या. नव्या जिल्ह्याचा पहिलाच संघ. बांधकाम खात्याकडून मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेषा मारायला माणूस मागवला तेव्हा तो कोण असणार हे सांगायला नको. एसटीतून आम्ही नांदेडला गेलो, मामा सबंध वाटभर दांडी धरून उभे. तिथे गेल्यावर मी माझं नाव बघितलं. चमचा-लिंबू आणि संगीत खुर्ची. महिलांसाठी सगळ्यात लांब पळण्याची शर्यत शंभर मीटर. तीन हजार मीटर होती, पण तिच्यापुढे ‘पुरुष’ असं कुणी लिहिलेलं नव्हतं, कारण लिहायची गरज आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मामा फक्कीचं घमेलं घेऊन संयोजकांच्या टेबलापाशी गेले. संयोजक एक नायब तहसीलदार होते.

“जय भीम, सायेब. तीन हज्जारात हिचं नाव घ्या.”

“ती पुरुषांची आहे.”

“कुठं लिवलंय?”

“लिहायचं कशाला? सगळ्यांना माहीत आहे.”

“बायांनी लई पळू नये, असा जीआर हाय का?”

हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याही खात्यात हसण्यावारी गेला असता. पण ते महसूल खातं होतं. नायब तहसीलदारांचा चेहरा बदलला. त्यांनी शेजारच्या कारकुनाला विचारलं, कारकुनाने फाईल चाळली, फाईलमधून परिपत्रक निघालं, त्यात जेवणभत्त्याचं सगळं होतं, बायांचं काही नव्हतं. उद्या कुणी माहिती मागवली तर कशाच्या आधारे नाव नाकारलं हे दाखवणार काय? त्यांनी नाव लिहून घेतलं आणि समासात शेरा मारला, ‘विशेष बाब म्हणून’.

अशी मी पंधरा पुरुषांबरोबर पळाले. मैदानाला साडेसात फेऱ्या होत्या. चार फेऱ्या मी नुसती आनंदात होते, दोन वर्षांनी कुणाच्या तरी पाठीवर नजर ठेवून पळायला मिळत होतं. पाचव्या फेरीत पाठीत काहीतरी जागं झालं.  सहाव्या फेरीत मामा रेषेपाशी उभे होते, पुसलेल्या जागेवर फक्की टाकत. मी त्यांच्यापाशी येऊन जवळजवळ थांबलेच. आता ते ‘बास’ म्हणतील, म्हणजे सुटका होईल, असं मला वाटलं.

त्यांनी वर पाहिलं. “दुखतंय का खुपतंय?”

मी पाठीला विचारलं. खरंच विचारलं. “दुखतंय.”

“मंग दुखू दे,” म्हणाले आणि फक्की टाकायला लागले.

मी नववी आले. माझ्यामागे सात पुरुष होते. त्यांनी आदल्या रात्रीच्या जेवणात काहीतरी बिघाड होता असं लेखी कळवलं. संध्याकाळी बक्षीस समारंभात माझं नाव कुणी घेतलं नाही, कारण नवव्या नंबरला बक्षीस नसतं. परतीच्या एसटीत मी खिडकीपाशी बसून पाठीला हात लावून बघत होते. ती जागेवर होती. वडिलांना मी पत्र लिहिलं, पदकं पाठवणार नाही, आणि यापुढे जो बघायला येईल त्याला पाठीचं मीच आधी सांगेन.

त्यानंतर पंधरा दिवसांत मामा निवृत्त झाले. ऑफिसने निरोप समारंभ ठेवला, फुलांचा हार, मधोमध हातांची खुर्ची. तोपर्यंत जिल्ह्याला खुर्च्या आल्या होत्या. अव्वल कारकून स्वतः उठून म्हणाले, “जय भीम, मिस्त्री. आज तरी बसा.” मामांनी सगळ्यांसमोर हात जोडले. “काम झाल्यावर बसतो,” म्हणाले. तीन भाषणं, एक नारळ आणि चहा, सगळं त्यांनी उभ्याने उरकलं. लोक पोट धरून हसले. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी निंबापाशी गेले, पण एकटीच. तिथे कुणी नव्हतं. मी पळायला लागले. पाऊण मैल गेला, दगड दिसला नाही. बोर गेली, दगड नाही. ओढा आला. बायांनी ओढ्यात दगड रचून वाट केली होती, ती ओलांडून मी पलीकडे गेले आणि पहिल्यांदाच मला कळेना की वळायचं कुठं. मग रस्ता होता तिथवर गेले. वाडीच्या पहिल्या घरापाशी तो संपला. एक म्हातारी दारात शेणाने सारवत होती. तिने विचारलं, “कोन पायजे, बाय?” मी म्हटलं, “कुणी नाही. इथवरच यायचं होतं.”

परत येताना दुरून निंब दिसला. त्याच्या बुंध्यापाशी आमचा नापास दगड होता. गयाबाईकडून आणवला असावा. आणि त्याच्यावर मिस्त्रीमामा बसले होते. दीड वर्षात मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी ओळखूच आले नाहीत. तोंड मोठ्या रस्त्याकडे, वाकडी पाठ माझ्याकडे. मी कुठवर गेले, कधी वळले, कशी पळतेय, हे ते बघत नव्हते. बादली बाजूला होती, ब्रश तिच्यात उभा होता. बसल्यावर त्यांना किती सुया टोचत असतील हे मला माहीत होतं.

 हाक मारावी, शेजारी जाऊन बसावं, असं वाटलं. मग वाटलं, नको. मी निंबाच्या अलीकडेच वळले आणि पुन्हा वाडीकडे पळायला लागले.